गावातून किती गेले ते नको, कोण गेले ते लिहा

प्रति,
सोलापूर जिल्ह्यातील सर्व सरपंच, ग्रामसेवक भाऊसाहेब
आणि ग्रामसभेला येऊन बसणारी व न येणारी समस्त मंडळी

स. न. वि. वि.

मी पोस्टातून निवृत्त झालेला माणूस. उभी नोकरी या जिल्ह्यात झाली. बार्शी, माढा, मंगळवेढा, आणि शेवटची वर्षं सोलापूर शहरात. तुमच्यातल्या काहींच्या वडिलांना, चुलत्यांना मी सायकलवरून उतरून मनीऑर्डरी मोजून दिलेल्या आहेत. एवढ्या ओळखीवर हे पत्र लिहितोय. मागणं एकच आहे आणि त्याला वित्त आयोगाचा निधी लागत नाही. तुमच्या गावातून जी माणसं फौजेत गेली आणि परत आली नाहीत, त्यांची नावं एका वहीत नीट लिहून काढा. पहिल्या महायुद्धापासून कालपरवापर्यंतची.

"आमच्या गावात शिलाफलक आहे की," असं तुम्ही म्हणणार. ठाऊक आहे मला. ऑगस्ट २०२३ मध्ये 'माझी माती माझा देश' अभियानात गावोगाव ते फलक बसले. पंचप्रण शपथ झाली, पंच्याहत्तर झाडं लागली (किती जगली ते विचारत नाही), मातीचे कलश दिल्लीला गेले. चांगलंच झालं. पण तो फलक एकदा जवळ जाऊन वाचा. अभियान घाईत पार पडलं, त्यामुळे ज्याचं नाव पटकन आठवलं त्याचं लागलं. मी पाहिलेल्या काही फलकांवर एकही नाव नाही. घोषवाक्य आहे, तारीख आहे, आणि मध्ये मोकळा दगड. फलक बसवणाऱ्यांना मी दोष देत नाही. यादीच नव्हती, तर ते कोरणार काय?

यादी असली की काय होतं, ते मी खडकीला पाहिलं. पुण्यात माझ्या लेकीचं घर येरवड्याच्या बाजूला आहे. तिच्याकडे जायचं तर मी हुतात्मा एक्स्प्रेसच धरतो. होळकर पुलाजवळ मुळा रोडवर युद्ध स्मशानभूमी आहे. रिक्षावाल्याला 'वॉर सिमेट्री' म्हटलं की कळतं. जावयाला वाटलं, मामांना दगडूशेठला न्यावं. मी म्हटलं, तिकडे चला. हिरवळीवर एकसारख्या शिळांच्या रांगा, मधोमध उंच क्रूस, शिळांच्या पायाशी फुलझाडं. दुसऱ्या महायुद्धातल्या १६६८ कबरी तिथे आहेत. पश्चिम आणि मध्य भारतात ठिकठिकाणी विखुरलेल्या ज्या कबरींची कायमची निगा राहील याची खात्री नव्हती, त्या उचलून इथे आणल्या. शिवाय पहिल्या महायुद्धाच्या काळात हिंदुस्थानात मेलेल्या अठराशेवर शिपायांची नावं तिथल्या स्मारकावर आहेत. त्यातल्या ६२९ जणांचे अवशेष मुंबईच्या शिवडीहून मार्च १९६२ मध्ये इथे हलवले. साल बघा. साहेब देश सोडून गेल्याला पंधरा वर्षं होत आली होती, आणि त्याच्या मेलेल्या शिपायांचं टपाल अजून योग्य पत्त्यावर पोचवणं चालू होतं.

मी प्रत्येक शिळा वरून खाली वाचत गेलो. पोस्टमनची खोड. नंबर, हुद्दा, नाव, पलटण, तारीख, वय. मग लक्षात आलं, हा तर फौजी पत्ता! फौजेतल्या माणसाला पत्र टाकताना असंच लिहायचं असतं: आधी नंबर, मग हुद्दा, मग नाव, मग पलटण, आणि खाली 'मार्फत ५६ एपीओ' नाहीतर '९९ एपीओ', म्हणजे फौजेचं टपाल कार्यालय. माणूस नेमका कुठल्या ठाण्यावर आहे, ते पत्र टाकणाऱ्याला कळत नाही. नंबर आणि पलटण बरोबर असली की पत्र पोचतं. इथे शेवटच्या ओळीत एपीओ नाही, त्या जागी बऱ्याच दगडांवर घरच्यांनी निवडून दिलेली एखादी ओळ आहे. वयं एकोणीस, बावीस, चोवीस. जावई फोटो काढत होता. तो म्हणाला, "मामा, यात साहेब कोण नि शिपाई कोण, कळतच नाही." हुद्दा वाचल्याशिवाय कळत नाही हे खरं. कर्नलचा दगड आणि साध्या शिपायाचा दगड एकाच मापाचा आहे. या कबरी सांभाळणारा आयोग (आजचं नाव कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन) १९१७ मध्ये स्थापन झाला आणि पुढच्याच वर्षी त्यांनी तत्त्व ठरवून टाकलं, की हुद्दा, वंश, धर्म, पैसा यावरून मेलेल्यांत भेद करायचा नाही. सात समुद्रापलीकडच्या त्यांच्या गावातून कोणी नातू आला, तर दारातली नोंदवही उघडून रांग नंबर बघायचा आणि नेमक्या दगडापाशी जाऊन उभं राहायचं, एवढी सोय आहे.

हे तत्त्व ठरवलं खरं, पण आपल्या माणसांच्या वाट्याला ते सगळीकडे आलं नाही. 

पहिल्या महायुद्धात आपल्या भागातली माणसं जास्त करून मेसोपोटेमियात गेली. म्हणजे आताचं इराक. तिथे जी सहावी पूना डिव्हिजन लढली, तिच्यात १०३ आणि ११० नंबरच्या मराठा पलटणी होत्या. तिथल्या कुत गावी तुर्कांच्या वेढ्यात पाच महिने अडकले, घोडी खाऊन संपली, आणि २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली. पुढे वाळवंटातून चालवत नेलेल्या कैद्यांतले किती वाटेतच पडले. शिपायाचा पगार तेव्हा महिना अकरा रुपये. या युद्धात मेलेल्यांसाठी बसऱ्याला स्मारक उभं राहिलं १९२९ मध्ये, चाळीस हजारांवर माणसांचं. त्या भिंतीवर ब्रिटिशांची नावं आहेत. हिंदी सैन्यातल्या अधिकाऱ्यांची नावं आहेत. हिंदी शिपायांचे मात्र पलटणीप्रमाणे आकडे टाकले: अमुक पलटणीचे इतके.

हे मी रागाच्या भरात म्हणत नाही, त्या आयोगानेच एप्रिल २०२१ मध्ये अहवाल काढून कबूल केलंय. पहिल्या महायुद्धातल्या ४५ ते ५४ हजार मृतांची, त्यात बहुतेक आशियाई आणि आफ्रिकी, इतरांच्या बरोबरीने नोंद झाली नाही. आणखी किमान १ लाख १६ हजार, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत माणसं अशी, की ज्यांचं नाव कुठे लागलं नाही किंवा नोंदच झाली नाही. त्यांनी माफीही मागितली. शंभर वर्षांनी का होईना.

आता आपल्या घरात डोकवा. महाराष्ट्रातल्या पुष्कळ गावांत, चावडीत किंवा जुन्या शाळेच्या भिंतीत, साहेबाने बसवलेली संगमरवरी पाटी अजून आहे. तिच्यावर मजकूर साधारण एकच: या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धाला इतकी माणसं गेली, त्यांपैकी इतकी कामी आली. माझ्या आजोळच्या चावडीतली पाटी मी लहानपणापासून पाहतोय. तिच्यावर चुन्याचे इतके हात बसलेत की आकडासुद्धा आता बोट फिरवून वाचावा लागतो. परवा गेलो तेव्हा खाली बाकावर बसलेल्यांना विचारलं, यातले 'कामी आलेले' कोण? एक म्हातारा म्हणाला, "आमच्या आज्याचा भाऊ बसऱ्याला गेलता म्हनत्यात." नाव? नाव त्याला माहीत नव्हतं. चुलत आजा, बस्स. साहेबाने आकडा लिहिला, आपण तो आकडाही चुन्याखाली घातला.

इथे कोणीतरी नक्की म्हणेल, आणि सोलापुरात तर म्हणायलाच पाहिजे, की मास्तर, ही माणसं साहेबासाठी मेली. त्यांचं कौतुक आपण का करायचं? ज्या शहराने १९३० च्या मे महिन्यात मार्शल लॉ सोसला, ज्याचे मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन १२ जानेवारी १९३१ ला येरवड्याच्या तुरुंगात फासावर गेले, त्या शहराने? प्रश्न रास्त आहे. खडकीच्या त्या हिरवळीवरून येरवडा जेल फार लांब नाही, मला तो तिथेच पडला होता. आणखी एक तारीख सांगतो. दिल्लीच्या इंडिया गेटचं उद्घाटन झालं १२ फेब्रुवारी १९३१ ला, म्हणजे आपल्या चौघांच्या फाशीला बरोबर महिना झाला त्या दिवशी. व्हाइसरॉयने ज्या कमानीचं उद्घाटन केलं तिच्यावर पहिल्या महायुद्धात आणि १९१९ च्या अफगाण युद्धात मेलेल्या तेरा हजारांवर माणसांची नावं आहेत. एका हाताने फाशी, दुसऱ्या हाताने कमान. सरकार तेच.

पण फौजेत गेलेला तो पोरगा सरकार नव्हता. माण, सांगोला, करमाळ्याकडचा दुष्काळ ज्याने पाहिला आहे त्याला अकरा रुपयांचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. कोणी पोटासाठी गेला, कोणी पाटलाने नाव दिलं म्हणून गेला, कोणी बापाशी भांडून. त्याचं युद्ध बरोबर होतं की चूक, हा वाद इतिहासवाल्यांनी घालावा, जरूर घालावा. मी कौतुक करा म्हणतच नाही. नाव लिहा म्हणतो. सोलापुरात त्या चौघांच्या चार पुतळ्यांपाशी उभं राहिलं की चार नावं म्हणता येतात. आणि ती नावं नुसती वाचली तरी सोलापूर कसलं गाव आहे हे परक्याला कळतं. तिथे 'चार माणसं फाशी गेली' एवढंच लिहिलं असतं, तर काय कळलं असतं?

नाव लिहिलेलं असलं की लोक येतात, याचं उदाहरण लांबचं नको. कोरेगाव भीमाच्या जयस्तंभावर १८१८ च्या लढाईतल्या मेलेल्यांची नावं कोरली आहेत. त्यात 'नाक' ने संपणारी महार शिपायांची बावीस नावं आहेत. स्तंभ कंपनी सरकारने स्वतःच्या विजयासाठी उभारला. लोक तिथे १ जानेवारीला लाखोंनी जातात ते त्या नावांपाशी. कंपनी गेली, नावं राहिली, आणि ज्यांची ती होती त्यांनी ती आपली म्हणून उचलली.

दुसरं उदाहरण आपल्या भैय्या चौकातलं. डॉ. द्वारकानाथ कोटणीस १० ऑक्टोबर १९१० ला सोलापुरात जन्मले. १९३८ मध्ये पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले, लढाईतल्या जखमींवर शस्त्रक्रिया करत राहिले, आणि ९ डिसेंबर १९४२ ला, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, तिथेच वारले. शिजियाझुआंग शहरातल्या लष्करी हुतात्म्यांच्या दफनभूमीत त्यांची समाधी आहे, शेजारच्या भागात कॅनडाचे डॉ. बेथून. आज चीनचं नाव काढलं की आपल्या कपाळाला आठी पडते, त्याला कारणंही आहेत. पण तिथली शाळकरी पोरं आपल्या सोलापूरच्या माणसाच्या समाधीवर फुलं ठेवतात हेही खरंय. आपल्या गावातल्या किती जणांनी भैय्या चौकातलं त्यांचं घर आतून पाहिलंय? महापालिकेने ते नीट करून स्मारक केलेलं आहे. सहल काढायची तर जवळच आहे.

आणखी एक आक्षेप मी स्वतःच ऐकला आहे. "आपल्यात कबर नसते. अग्नी दिला, राख चंद्रभागेत सोडली, संपलं. दगड कशाला?" कोहिमाच्या युद्ध स्मशानभूमीत १४२० कबरी आहेत, आणि शेजारीच ज्यांना धर्माप्रमाणे अग्नी दिला त्या ९१७ हिंदू-शीख जवानांचं स्मारक आहे. नावानिशी. म्हणजे दहन आणि दगड यांचं वैर नाही. आणि आपल्यात दगड नव्हता असं म्हणणाऱ्याने गावाच्या मारुतीमागे जाऊन बघावं. वीरगळ पडलेले असतात. खाली लढाई, वर अप्सरा वीराला घेऊन चाललेल्या, त्याच्यावर तो शिवलिंगाची पूजा करतोय, माथ्यावर चंद्र-सूर्य. आपल्या पूर्वजांनी गाई सोडवताना, गाव राखताना मेलेल्यासाठी दगड उभा केला होता. पण आपल्याकडच्या बहुतेक वीरगळांवर नाव नाही. म्हणून झालं काय, की त्याला शेंदूर फासून आपण त्याचा म्हसोबा केला. काही ठिकाणी तर तो विहिरीवर धुणं आपटायला आहे. देव झाला ते एक वेळ ठीक, पण तो कोणाच्या घरातला होता हे गेलंच ना?

तेव्हा दगड मिळाला, नाव राहून गेलं. १९१९ च्या पाटीत आकडा मिळाला, नाव राहून गेलं. २०२३ च्या फलकात पुन्हा तेच होताना दिसलं, म्हणून हे पत्र.

नाव म्हणजे काय भानगड असते, ते मला एका तारेने शिकवलं. श्रीलंकेत आपली शांतिसेना होती तेव्हाची, १९८७ ते ९० मधली गोष्ट. तार फौजेकडून आली होती. त्यात आधी नंबर, मग हुद्दा, मग इंग्रजीत पूर्ण नाव, बापाचं नाव, आणि पुढे जे असतं ते. गाव लहान. मी घर शोधत गेलो. अंगणात म्हातारी शेंगा फोडत बसली होती. मी नाव वाचलं. ती म्हणाली, "आमच्यात ह्या नावाचं कुणी न्हाई. म्होरल्या आळीला बघा." हात चालूच. मी बापाचं नाव वाचलं. हात थांबला. "त्यो आमचा बाळू," म्हणाली. शाळेत घालताना मास्तरांनी दत्तात्रय लावलं होतं, फौजेत तेच गेलं, आणि घरात, गावात, भावकीत तो जन्मभर बाळूच होता. सरकारने बरोबर माणसाचं बरोबर नाव पाठवलं होतं आणि आई म्हणत होती, तो आमचा नव्हे.

ही गोष्ट रडण्यासाठी सांगत नाही. वहीत काय लिहायचं ते त्या अंगणात ठरलं, म्हणून सांगतो. फौजेच्या कागदावरचं नाव लिहा, आणि त्याच्याच शेजारी गाव त्याला ज्या नावाने हाक मारत होतं तेही लिहा. बापाचं नाव तर लिहालच, आईचंही लिहा. नंबर आणि पलटण मिळाली तर उत्तमच. कुठे गेला, कधी गेला. लढाईत गेला की बर्फाखाली, की गाडी दरीत पडून, की दवाखान्यात तापाने, ते जसं आहे तसं लिहा. लढाईत गेला तोच खरा, बाकीचे नाहीत, असली निवड ग्रामसभेने करू नये. फौजेने त्यांना सेवेत असताना गेलेला मानलं असेल तर आपणही मानावं. आणि वाडा, गल्ली, वस्ती लिहा. वस्ती शब्द मुद्दाम घातला. १११ नंबरची महार पलटण १९१७ मध्ये उभी राहिली आणि १९२१ मध्ये मोडली. त्यातल्या माणसांची घरं गावकुसाबाहेर होती, आणि चावडीतल्या आठवणी गावकुसातल्या. विचारायला कोतवालाला पाठवू नका, स्वतः जा. मुलाणी, कैकाडी, रामोशी, धनगर, सगळ्या आळ्यांत जा. यादी पाटलाच्या ओट्यावर बसून झाली तर ती पाटलाच्या ओट्याएवढीच होणार.

माहिती कुठून आणायची? भाऊसाहेब, निम्मी तर तुमच्या कपाटात आहे. माजी सैनिकांना आणि सैनिकांच्या विधवांना घरपट्टीत सूट दिली जाते, म्हणजे नमुना आठच्या, घरपट्टीच्या नोंदवहीच्या, शेजारी त्यांचे अर्ज, दाखले लावलेले असणारच. तिथून सुरुवात करा. स्वातंत्र्यानंतरच्यांसाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला पत्र टाका. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात, जे २५ फेब्रुवारी २०१९ ला खुलं झालं, १९४७ नंतर कामी आलेल्या पंचवीस हजारांवर जवानांची नावं ग्रॅनाइटवर आहेत. ती ताडून बघा. पंढरपूरचे मेजर कुणाल गोसावी, नोव्हेंबर २०१६ मध्ये नगरोट्याला गेले, त्यांचं नाव जिल्ह्यात सगळ्यांना माहीत आहे. पण १९६२, ६५, ७१ ला जे गेले त्यांना आता त्यांच्याच गल्लीतली पोरं ओळखत नाहीत. आणि पदक मिळालेल्यांची फारशी काळजी नको. रायगडातल्या माणगावचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला इटलीत पडले, त्यांची कबरही नाही, पण व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला म्हणून तिथल्याच कॅसिनो गावच्या युद्ध स्मारकावरचं नाव लोक शोधून काढतात आणि माणगावात पुतळा आहे. त्यांच्या उजव्या-डाव्या हाताला जे पडले त्यांच्यासाठी वही लागते.

१९४७ च्या आधीच्यांसाठी एक सोपी वाट आहे, आणि गावातली कॉलेजची पोरं ती एका संध्याकाळी चालून येतील. मी ज्या आयोगाचं वर सांगितलं, त्याच्या संकेतस्थळावर दोन्ही महायुद्धांतल्या मृतांची नावं शोधता येतात. पुष्कळ हिंदी शिपायांच्या नोंदीत बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा असं सगळं आहे. फक्त स्पेलिंगची गंमत आहे. सोलापूर म्हणून शोधलं तर थोडं मिळेल. इंग्रज 'शोलापूर' लिहायचे, मध्ये एच घालून शोधावं. आडनाव बऱ्याच वेळा नसतंच, 'रामा', 'भाऊ', 'सखाराम' एवढंच. गावांची नावं इंग्रज कारकुनाने ऐकली तशी लिहिलेली. मी जन्मभर असलेच पत्ते लावत आलो, म्हणून सांगतो, मोठ्याने वाचलं की लागतं. डोळ्यांना जे कळत नाही ते कानाला कळतं.

कोतवाल बुकाचा, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीचा, विचार तुमच्या मनात येईल. नुकतंच कुणबी नोंदींसाठी गाव नमुना चौदा, मोडी दप्तरं सगळी धुंडाळून झाली आहेत, मोडी वाचणारेही माहीत झाले आहेत. जरूर बघा, भावकी जुळवायला उपयोग होईल. पण जो बसऱ्याला मेला तो गावच्या मयताच्या नोंदीत सापडणं कठीण, कारण तो गावात मेलाच नाही. त्याच्यासाठी म्हातारी माणसं हाच कागद आहे. ज्यांनी आजीच्या तोंडून ऐकलं ती आता ऐंशीच्या पुढे आहेत. हे काम पुढच्या पंचवार्षिकला करू, असं म्हणण्यासारखं नाही.

मग त्या वहीचं करायचं काय? ग्रामसभा तुमच्या २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला होतातच. त्यातल्या एकीला, झेंडावंदन झालं की, ती नावं वाचा. शाळेतल्या पोरांना वाचायला लावा, त्यांचा उच्चारही सुधारेल. भाषण नको. पाहुणा नको. आणि हात जोडून विनंती, फ्लेक्स नको. एका गावात मी शहीद जवानाच्या नावाची कमान पाहिली. जवानाचं नाव वीतभर आणि खाली 'सौजन्य' म्हणून ज्यांचं नाव आहे ते हातभर, फोटोसकट, फोन कानाला लावलेला. जवान बिचारा टोपी घालून एका कोपऱ्यात. खडकीच्या त्या सगळ्या दगडांत देणगीदाराचं नाव मला एकाही दगडावर दिसलं नाही.

कुठल्या घरचे लोक म्हणतील, नको आमचं नाव, जुनी जखम आहे. त्यांचं ऐका. कोणी म्हणेल, आमचा पळून गेला होता की कामी आला तेच माहीत नाही. तेही लिहा: 'गेला, परत आला नाही.' एवढी ओळ पुरे. सरपंचताई, जिथे तुम्ही खुर्चीवर आहात तिथे एक काम तुमच्याकडूनच जास्त चांगलं होईल. मागे राहिलेल्या बायकांशी बोलणं. ग्रामसेवक गेला की त्या पदर सावरून पेन्शनचा कागद दाखवतात. तुम्ही गेलात तर माणसाबद्दल सांगतील.

चारशे पानी वही घ्या, जाड पुठ्ठ्याची. ओल आली तरी पसरणार नाही अशा शाईने लिहा. एक प्रत ग्रामपंचायतीत, एक शाळेत. मोबाइलवर फोटो काढून ठेवा हे वेगळं सांगायला नको, पण वही पाहिजेच. कुणीतरी दुपारी सहज उघडून चाळेल अशी वस्तू पाहिजे. मोकळा शिलाफलक ज्यांच्या गावात आहे त्यांना वही झाल्यावर गवंड्याला बोलवायला हरकत नाही.

येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा, ही विनंती. आयत्या वेळच्या विषयांत ढकलू नका, तोवर निम्मी सभा उठून गेलेली असते. इंग्रजी स्पेलिंग लावताना कुठे अडलंच, तर मला पोस्टकार्ड टाका. पत्र छापणाऱ्यांकडे माझा पत्ता आहे. मला बसल्या जागी तेवढंच काम येतं आणि वेळही भरपूर आहे. कार्डावर गाव, तालुका आणि पिनकोड तेवढा सुवाच्य लिहा.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक निवृत्त पोस्टमन
रेल्वे लाईन्स, सोलापूर